लेकरांचं पेन्शन वेगळं असते, ते मागून घ्या

आमच्या भागात माणूस सूतगिरणीत असो, जिनिंगमधे असो, एसटीत असो का एमआयडीसीतल्या कंपनीत ठेकेदाराकडं असो, तो कामावर असताना गेला की तेरवी झाल्यावर घरचे पहिले पीएफचे पैसे काढायच्या मागं लागतात आणि ते पैसे खात्यात आले की सगळ्यांना वाटते झालं, आता कंपनीकडं आपलं काही राहिलं नाही. पण राहते. पीएफसोबत मालकाच्या हिश्श्यातून दर महिन्याला पेन्शनच्या फंडातही पैसे जात असतात, त्या फंडातून त्याच्या बायकोला महिन्याचं पेन्शन भेटते, आणि लेकरांना वेगळं भेटते. बायकोच्या पेन्शनमधून कापून नाही, त्याच्या वरून.

हे किती घरांना माहीतच नाही ते पाहून जीव तुटते म्हणून लिहून राहिलो. मी काही पीएफचा माणूस नाही, यवतमाळ जिल्ह्यात आमची शेती आहे, कपाशी तूर सोयाबीन, आणि गावात कोणाचं कागदात अडलं की मी त्याच्यासोबत जातो एवढंच. पण माझा चुलतभाऊ गेला तेव्हापासून ह्या एका विषयात मी खोलवर गेलो, नियम वाचले, लोकांना विचारलं, फॉर्म भरले, आणि आता आजूबाजूच्या गावचे लोकंही विचारायला येतात.

भाऊ एका सूतगिरणीत होता, रिंग फ्रेम खात्यात. गिरणी कधी चालू कधी बंद, पगार कधी वेळेवर कधी दोन दोन महिने नाही, तरी तो टिकून होता कारण घरची कोरडवाहू दोन एकर, त्याच्यावर तीन लेकरं शिकत नाहीत. तो हार्ट अटॅकने गेला. मागं आमची वहिनी, म्हातारी काकू, मोठी पोरगी, मधली पोरगी आणि लहाना पोरगा. गिरणीतल्या एका माणसाने मदत केली, पीएफ निघाला, त्यातून सोसायटीचं कर्ज फिटलं, थोडे काकूच्या ऑपरेशनला गेले. पुढं कित्येक महिने कोणी काही बोललं नाही.

मग एक दिवस मी वहिनीला म्हटलं भाऊचा यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा नंबर, द्या बरं, पासबुक पाहू. भाऊचा मोबाईल तिने बंद करून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता, नंबर चालू होता कारण मधली पोरगी त्याच्यात रिचार्ज मारत होती, बापाचा नंबर जाऊ नये म्हणून. तो नंबर चालू होता म्हणून ओटीपी आला, म्हणून पासबुक उघडलं. पासबुकात तीन रकाने असतात, एक कामगाराच्या कपातीचा, एक मालकाच्या पीएफचा आणि तिसरा पेन्शनचा. पहिले दोन रकाने काढलेले दिसत होते. तिसऱ्यात हप्ते तसेच होते, एका खाली एक, वर्षानुवर्षाचे.

वहिनी म्हणे, "भाऊजी, पैसे त भेटले ना आपल्याले, आता अजून कायचे भेटन?"

मी म्हटलं वहिनी हे पेन्शनचे आहेत, हे एकदम नाही भेटत, महिन्याचे भेटतात, तुम्हाला आणि पोरांना.

"पोरायलेही?"

लेकरांना कोणी पेन्शन देते हे तिच्या डोक्यातच नव्हतं, आणि का असावं, आमच्याकडं पेन्शन म्हटलं की मास्तर नाहीतर पोलीस, गिरणीतल्या माणसाला पेन्शन असते हेच लोकांना खरं वाटत नाही. याचं कारण मला असं दिसते की पगाराच्या पावतीवर पेन्शन नावाची कपातच नसते. कामगाराच्या पगारातून १२ टक्के जातात ते पूर्ण पीएफमधे जातात. मालक जे १२ टक्के भरतो त्याच्यातले ८.३३ टक्के पेन्शनमधे जातात आणि उरलेले पीएफमधे, सरकार त्याच्यात अजून १.१६ टक्के टाकते. हे ८.३३ टक्के सध्या जास्तीत जास्त १५,००० पगारावर धरतात म्हणजे महिन्याला १,२५० रुपये, आणि ऑगस्ट २०१४ पर्यंत ही मर्यादा ६,५०० होती. म्हणजे माणूस जन्मभर काम करते आणि आपल्या नावाने पेन्शन जमा होऊन राहिलं हे त्याला पावतीवर कधी दिसतच नाही, मग तो घरी सांगणार कुठून.

ही योजना म्हणजे ईपीएस-९५, कर्मचारी पेन्शन योजना, १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. त्याच्या आधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती, तिच्या नावातच कुटुंब होतं, आणि ९५ मधे ती मोडून ही आली तेव्हा कामगाराला स्वतःला म्हातारपणी पेन्शन सुरू झालं आणि कुटुंबाचा भाग आत राहिला. लोकं आता फक्त म्हातारपणाचं पेन्शन धरून चालतात, दहा वर्षं सर्विस झाली का अठ्ठावन वय झालं का हेच विचारतात, आणि माणूस मधेच गेला की म्हणतात दहा वर्षं कुठं झाली, काही भेटणार नाही. हे चूक आहे. दहा वर्षांची अट कामगाराच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. कामावर असताना माणूस गेला तर त्याचा एका महिन्याचा हप्ता जरी फंडात भरलेला असला तरी बायकोला आणि लेकरांना पेन्शन बसते. हे वाक्य मी गावात इतक्यांदा बोललो की लोकं मला पाहूनच बोलतात, पण ते खरंच तेवढं महत्त्वाचं आहे कारण गेलेल्यांत तरुण पोरंही असतात, कोणाची तीन वर्षं नोकरी, कोणाची पाच, आणि त्यांचीच लेकरं सगळ्यात लहान असतात.

आता किती भेटते. कामावर असताना गेलेल्या माणसाच्या बायकोचं पेन्शन काढताना तीन गोष्टी पाहतात, तो त्याच दिवशी रिटायर झाला असता तर त्याला किती बसलं असतं ते, योजनेत पगाराप्रमाणे दिलेलं एक कोष्टक आहे त्यातला आकडा, आणि १,००० रुपये. तिघातलं जे जास्त ते तिला. आणि तिला जे बसते त्याच्या २५ टक्के एका लेकराला, एका वेळेस दोन लेकरांना, वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत. लेकराचं कमीत कमी २५० रुपये. आमच्या वहिनीला २,१६० बसलं, त्याच्यावर दोघींना ५४० आणि ५४०, म्हणजे घरात ३,२४०. लेकरांची नावं टाकलीच नसती तर २,१६० वरच थांबलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं की काही राहिलं.

यासाठीचा फॉर्म १०-डी. पीएफ काढायचा फॉर्म वेगळा, नोकरी सोडल्यावर पेन्शनचे पैसे काढायचा १०-सी वेगळा, आणि महिन्याचं पेन्शन मागायचा हा १०-डी. गावाकडं ह्या नावांचा लय घोळ होते, कोणीतरी सांगते पेन्शनचा फॉर्म भरला ना म्हणे, विचारलं कोणता तर माहीत नाही, म्हणून फॉर्मचा नंबर पाठच करून घ्या. आम्ही तो वहिनीच्या घरी बसून भरला. मृत्यूचा दाखला, वहिनीचं आधार, बँकेचं पासबुक, तिन्ही लेकरांचे जन्माचे दाखले, फोटो. वहिनी सही करते पण अक्षर दर वेळेस वेगळं पडते म्हणून सहीसोबत अंगठ्यांचे ठसेही घेतले, शाई काकूच्या जुन्या स्टँप पॅडची, ते वाळलेलं होतं, त्याच्यात दोन थेंब पाणी टाकून बोट उमटवलं.

अडलं कुठं तर नावात. मोठ्या पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरी, कारण मास्तरने पहिलीत टाकताना जून महिना लिहून दिला. वहिनीच्या आधारवर माहेरचं आडनाव राहिलेलं. आणि भाऊच्या पीएफ रेकॉर्डमधे त्याच्या नावात वडिलांचं नाव नव्हतं. ही प्रत्येक गोष्ट छोटी आहे पण प्रत्येकीसाठी फॉर्म परत येते, आणि परत आल्यावर जी बाई माहेरून भावाला बोलावून, मजुरी पाडून जिल्ह्याला जाते तिचा धीर सुटते. कितीक बाया इथंच सोडून देतात. फॉर्म भरायच्या आधीच सगळ्यांचे आधार, दाखले, बँक पासबुक एका ओळीत मांडून स्पेलिंगसकट मिळवून पहा, जे जुळत नाही ते आधी दुरुस्त करा. आधारमधे मोबाईल नंबर चालू ठेवा. आणि गेलेल्या माणसाचं सिम निदान ही कामं होईपर्यंत बंद करू नका.

दुसरी अडचण सहीशिक्क्याची. फॉर्म मालकाकडून जायला पाहिजे असते आणि आमच्याकडच्या किती गिरण्या, किती जिनिंग बंद पडल्या, तिथं आता फक्त वॉचमन असते. भाऊच्या गिरणीत जो साहेब बसत होता तो म्हणे मला अधिकार नाही, मुख्य ऑफिसला पाठवतो, आणि कागद टेबलावर पडून राहिला, आम्ही गेलो की सांगे पाठवला. कंपनी बंद असेल तर बँक मॅनेजर, गॅझेटेड ऑफिसर, मॅजिस्ट्रेट अशांच्या सहीने फॉर्म जाते, तशी सोय फॉर्मवरच लिहिलेली आहे. हे माहीत नसल्यामुळे लोकं बंद गेटसमोर चकरा मारतात. आमचं शेवटी साहेबानेच केलं, पण ते मी पीएफच्या पोर्टलवर तक्रार टाकल्यावर. तक्रार टाकायला पैसे लागत नाहीत आणि भीतीही बाळगायची नाही. फॉर्मलाही पैसे लागत नाहीत, हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, कारण आमच्याकडं दहा टक्के मागणारे लोकं आहेत आणि विधवा बाईच्या मागच्या थकबाकीतून दहा टक्के घेणं याला मी सरळ लूट म्हणतो.

थकबाकी भेटते, हेही सांगून ठेवतो. पेन्शन माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, फॉर्म भरल्या दिवसापासून नाही. म्हणून उशीर झाला म्हणून गप्प बसू नका, वर्ष गेलं असेल, दोन वर्षं गेली असतील, तरी भरा.

तीन लेकरांचं कसं होते ते वहिनीच्या घरी मोठ्या वादाचं झालं होतं. काकूचं म्हणणं लहान्याच्या नावाने घ्या, पोरी काय उद्या लग्न होऊन जातील. मोठी पोरगी तेव्हा यवतमाळला नर्सिंगला होती, मेसचे पैसे थकलेले, ती काही बोलली नाही, नुसती पायाच्या नखाने जमीन उकरत होती. पण नियमात निवड करायची सोयच नाही, वयाने मोठ्यापासून लहान्याकडं जाते, पहिले दोघं, आणि मोठं लेकरू पंचवीसचं झालं की तिसऱ्याचा नंबर लागते. पोरगा पोरगी असा फरक नाही. मी काकूला म्हटलं काकू, हे सरकारनंच ठरवलं आहे, आपल्या हातात नाही, आणि खरं सांगतो, ते आपल्या हातात नाही याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. फॉर्ममधे तिघांचीही नावं टाकायची, दोघांनाच भेटणार असलं तरी, म्हणजे पुढं तिसऱ्याच्या वेळेस ते लेकरू कोणाचं हे सिद्ध करत बसावं लागत नाही. शिकत असलं पाहिजे अशी अट नाही, पोरगं शाळा सोडून ट्रॅक्टरवर गेलं तरी पंचवीसपर्यंत त्याचं पेन्शन चालू राहते.

आता जी गोष्ट लोकं हळू आवाजात विचारतात ती. नवरा गेल्यावर बाईने दुसरं लग्न केलं, आमच्याकडं पाट लावला म्हणतात, तर काय होते? तिचं विधवा पेन्शन बंद होते, हे खरं. आणि ह्याच भीतीने किती तरुण बायांचं लग्न सासरचे होऊ देत नाहीत किंवा लग्न लपवून ठेवतात, कागदावर एक आणि घरात एक. पण लेकरांचं काय होते ते कोणी सांगत नाही. बाईने लग्न केलं की लेकरांचं पेन्शन बंद होत नाही, उलट ते अनाथ लेकरांच्या दराने वाढते, २५ टक्क्यांचं ७५ टक्के होते, एका वेळेस दोघांना. आता हिशोब करा. समजा बाईला १,६०० होते. दोन लेकरांना ४०० आणि ४००. घरात एकूण २,४००. तिने लग्न केलं, तिचे १,६०० बंद, लेकरांना १,२०० आणि १,२००. एकूण २,४००. तेवढेच! किमान रकमेतही तेच, १,००० अधिक २५० अधिक २५० म्हणजे दीड हजार, आणि लग्नानंतर ७५० अधिक ७५० म्हणजे दीड हजार. ज्या घरात दोन लेकरं पंचवीसच्या आतली आहेत तिथं तिच्या लग्नाने फंडातून येणारा एकही रुपया कमी होत नाही, फक्त तो लेकरांच्या नावाने येते. एकच लेकरू असेल तर कमी होते, तिथं सव्वाशे टक्क्यांचे पंच्याहत्तर होतात. पण म्हणून कोण्या तेवीस चोवीस वर्षांच्या पोरीला जन्मभर बसवून ठेवायचं का? मी हा हिशोब एका बैठकीत कागदावर मांडून दाखवला तेव्हा पोरीचा सासरा कितीतरी वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत होता, शेवटी म्हणे, "मंग आमी काऊन अडवून राहिलो तिले?" त्या पोरीचं लग्न झालं. लेकरं आजीआजोबांकडं आणि तिच्याकडं दोन्हीकडं राहतात.

लपवू मात्र नका. लग्न झाल्यावरही विधवा पेन्शन उचलत राहिलं आणि पुढं निघालं तर वसुली लागते. आणि लपवल्यामुळे लेकरांचा वाढीव दर जाते ते वेगळंच.

दोघंही मायबाप गेलेली लेकरं असतील तर त्यांनाही हाच ७५ टक्क्यांचा दर, प्रत्येकाला कमीत कमी ७५०. तिथं कठीण काम होतं पालकत्वाचं, आजी किंवा काका सांभाळत असतील तर त्यांना कोर्टातून पालकत्वाचा कागद करावा लागे, पण ऑगस्ट २०२५ पासून पैसे लेकराच्या स्वतःच्या बँक खात्यात घेतले तर तो कागद मागत नाहीत. अशा घरांना गावाने मदत केली पाहिजे, एकट्या आजीने खात्याचं आणि फॉर्मचं काम होत नाही.

आणि ज्या घरात कायमचं आणि पूर्ण अपंग लेकरू आहे त्यांनी हे नीट वाचा. त्याला पंचवीस वर्षांची मर्यादा नाही. त्याचं पेन्शन जन्मभर चालते, आणि दोन लेकरांची जी गणती आहे तिच्यातही ते धरत नाहीत. शेजारच्या गावात एक आजी आहे, मुलगा एसटीत कंडक्टर होता, नातू चालू शकत नाही, बोलूही शकत नाही, आता तो पंचवीसच्या पुढं गेला आहे. पंचवीस झाले म्हणून त्याचं बंद झालं होतं आणि घरच्यांनी मान्य करून टाकलं होतं. जिल्हा रुग्णालयातून दाखला काढला, अर्ज केला, सुरू झालं. अपंगत्वाचं पहिल्या फॉर्ममधेच लिहिलं असतं तर ही वेळच आली नसती, लेकरू लहान असतानाच दाखला काढून जोडा.

माणूस रिटायर होऊन पेन्शन घेत असताना गेला तर बायकोला त्याच्या पेन्शनच्या अर्धं भेटते, आणि लेकरं पंचवीसच्या आत असतील तर तिच्या पेन्शनच्या चौथाई त्यांनाही. उशिरा झालेली लेकरं असतात, मग तिथं लागू होते. माणसाला ३,००० असतील तर बायकोला १,५०० आणि लेकराला ३७५. बायकोचं बहुतेकांना माहीत असते, लेकराचं नाही.

बाई कामावर असेल तरी हेच सगळं. तिच्या मागं तिच्या नवऱ्याला पेन्शन, लेकरांना पेन्शन. जिनिंगमधे, कंपनीच्या कँटीनमधे, दवाखान्याच्या ठेक्यावर कितीक बाया आहेत ज्यांचा पीएफ कापला जाते, आणि त्या गेल्यावर नवरा विचारायलाही जात नाही कारण त्याला वाटते हे फक्त विधवांचं असते. लग्न न झालेला पोरगा गेला तर त्याने ज्याचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं त्याला, नसेल टाकलं तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या बापाला आणि बापानंतर मायला.

एक सावधगिरी तरुण पोरांसाठी. पुण्याला, संभाजीनगरला कंपनीत दोन तीन वर्षं काम करतात आणि गावाकडं परत आले की पीएफसोबत १०-सी भरून पेन्शनचेही पैसे काढून घेतात, मोटरसायकलचं डाऊन पेमेंट होते. ते काढले की मागची सर्विस शून्य. परत नोकरीवर जायचा विचार असेल तर काढू नका, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सर्विसचा पीएफ ऑफिसचा दाखला, घ्या किंवा नवीन कंपनीत जुनाच यूएएन द्या म्हणजे वर्षं जोडली जातात. दहा वर्षं जोडली गेली की मग नोकरी सुटलेली असताना माणूस गेला तरी घरच्यांना पेन्शन आहे, दहाच्या आत असताना नोकरीबाहेर गेला तर नाही.

रकमेबद्दल बोललो नाही तर हे लिहिणं अर्धवट राहील. किमान १,००० आणि लेकराचे २५० हे १ सप्टेंबर २०१४ पासूनचे आहेत आणि तेव्हापासून तिथंच आहेत. ह्या पेन्शनला महागाई भत्ता नाही, म्हणजे वहिनीला जे २,१६० बसले ते ती ऐंशी वर्षांची होईल तेव्हाही २,१६० च. २०१३ मधे राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० करा आणि महागाईसोबत जोडा असं सांगितलं होतं, समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे नंतर आपल्याच राज्यात राज्यपाल होते. ते झालं नाही. आपल्याच विदर्भातल्या बुलडाण्यात ईपीएस-९५ चे पेन्शनर कितीतरी वर्षं साखळी उपोषणाला बसत आले, कमांडर अशोक राऊत यांची संघर्ष समिती, मागणी ७,५०० आणि त्याच्यावर महागाई भत्ता. सत्तर पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी माणसं, गिरणीतले, एसटीतले, सहकारी बँकेतले. मी त्यांच्या मागणीच्या पूर्ण बाजूने आहे. आणि माझं एक म्हणणं अजून आहे, किमान रकमेचं बोलताना नेहमी म्हाताऱ्याचं बोलल्या जाते आणि लेकराच्या २५० चं कोणी बोलत नाही. महिन्याचे अडीचशे रुपये म्हणजे आज हॉस्टेलला राहणाऱ्या पोरीचे चार दिवसांचं जेवणही नाही. पोरींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे म्हणून खेड्यातल्या पोरी शाळेत तरी जातात, नाहीतर अडीचशेत तेही झालं नसतं. लेकरांची रक्कम बायकोच्या रकमेसोबत बांधलेली आहे, ती वाढली की ही वाढते, म्हणून हा लढा फक्त म्हाताऱ्यांचा नाही, लेकरं असलेल्या तरुण विधवांनी आणि आज कामावर असलेल्यांनीही त्याच्यात असायला पाहिजे.

पेन्शनसोबत अजून काही गोष्टी विचारून घ्या. पीएफसोबतच विमा असते, ईडीएलआय, त्याचाही हप्ता मालकच भरतो. वर्षभर सलग नोकरी झालेली असेल तर कमीत कमी अडीच लाख, जास्तीत जास्त ७ लाख. कितीक घरांनी पीएफ घेतला आणि विमा मागितलाच नाही. राज्य सरकारची बाल संगोपन योजना आहे, माय किंवा बाप गेलेल्या अठराच्या आतल्या लेकराला महिन्याला २,२५०, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात. ती ह्या फंडाची नाही, वेगळी आहे. संजय गांधी निराधारचे १,५०० आहेत पण तिथं घराच्या वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे, आमच्या वहिनीच्या एकटीच्या पेन्शननेच ती ओलांडली जाते, पण ज्यांना किमान रक्कम बसते त्यांनी हिशोब करून पाहावं. वणी, घुग्घुस, बल्लारपूर पट्ट्यातले कोळसा खाणीतले लोकं ह्या योजनेत नाहीत, त्यांचा फंड वेगळा आणि पेन्शनची योजना १९९८ ची वेगळी, त्यांनी आपल्या खाणीच्या ऑफिसला विचारावं.

जिल्ह्यात पीएफ ऑफिस नसेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाल्यांचा जिल्ह्यात कॅम्प असते, निधी आपके निकट नावाचा, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. नागपूर अकोल्याला जायच्या आधी तिथं जाऊन या, सोबत सगळ्या कागदांची झेरॉक्स आणि ओरिजनल. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, आधी ठरलेल्याच बँकेत खातं लागत होतं आणि बाया तीस किलोमीटरवर पैसे काढायला जात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला, तो नोव्हेंबरातच द्यावा असं ह्या पेन्शनला नाही, ज्या दिवशी दिला तिथून वर्षभर चालते, गावातल्या सीएससीत, म्हणजे ऑनलाइन कामाच्या सेवा केंद्रात, अंगठा लावून होते. काम करून करून बोटं घासलेली असतात, अंगठा उमटत नाही, तर मोबाईलवर चेहरा दाखवून करायचीही सोय झाली आहे.

आणि जे आज कामावर आहेत त्यांनी यूएएनच्या पोर्टलवर जाऊन ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसांची ऑनलाइन नोंद, करा. पासपोर्ट फोटो, आधार, बायकोचा आणि लेकरांचा तपशील, अर्ध्या तासाचं काम आहे, मालकाची सही लागत नाही, आधारचा ओटीपी टाकला की झालं. पीएफचा भाग वेगळा आणि पेन्शनचा भाग वेगळा असते, दोन्ही भरा, आणि कुटुंबाच्या यादीत बायको आणि सगळी लेकरं टाका, तीन असतील तर तिन्ही, नावं आधारवर आहेत तशीच. त्याची प्रिंट काढून घरात बायकोच्या हातात द्या आणि यूएएन नंबर तिला लिहून द्या.